विहिरीतले मीठ आणि शेजाऱ्याची खबर

रक्तदाबाच्या रुग्णाला आम्ही डॉक्टर मंडळी गोळीच्याही आधी एक सूचना देतो : मीठ कमी करा. लोणचे, पापड, सुकी मासळी बंद. बहुतेक रुग्ण हे पथ्य बऱ्यापैकी पाळतात. पण ज्याच्या विहिरीलाच खारे पाणी लागले आहे, त्याने काय करावे? पानातले मीठ वगळता येते, तहान वगळता येत नाही.

बांगलादेशाच्या नैर्ऋत्य कोपऱ्यात, सुंदरबनाला लागून, खुलना जिल्ह्यात दाकोप नावाचा भाग आहे. तेथील गरोदर स्त्रियांविषयीचा एक अभ्यास २०११ साली प्रसिद्ध झाला. पाऊस नसलेल्या महिन्यांत केवळ पिण्याच्या पाण्यातून दिवसाला ५ ते १६ ग्रॅम सोडियम पोटात जात असावे, असा अंदाज त्यात निघाला. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते मोठ्या माणसाने दिवसभरात सर्व अन्नपाणी मिळून २ ग्रॅमपेक्षा कमी सोडियम घ्यावे. म्हणजे साधारण एक लहान चमचा मीठ. पावसाळ्यात दाकोपचा तो आकडा ०.६ ते १.२ ग्रॅमपर्यंत उतरत होता. गरोदरपणात रक्तदाब वाढलेल्या स्त्रियांचे प्रमाणही रुग्णालयात कोरड्या दिवसांत अधिक आढळले. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या पुढच्या अभ्यासातही हेच दिसले : पाण्यात मीठ जास्त, तसा गरोदरपणातील रक्तदाबाचा आणि प्री-एक्लॅम्प्सियाचा धोका जास्त.

शरीरात सोडियम वाढले की त्याच्याबरोबर पाणीही साठून राहते. रक्तवाहिन्यांवरचा दाब चढतो आणि मूत्रपिंडांवर ताण येतो. गरोदरपणाच्या पाचव्या महिन्यानंतर हा दाब फार वाढला, तर आईला झटके येऊ शकतात आणि आई व बाळ दोघांच्याही जिवावर बेतू शकते.

हे मीठ येते कोठून?

पृथ्वी तापत आहे आणि समुद्राची पातळी चढत आहे. उधाणाचे पाणी पूर्वीपेक्षा आत येते. वादळात बांध फुटला की तळी आणि शेते खारी होतात. २५ मे २००९ रोजी आलेल्या ‘आयला’ वादळाने पश्चिम बंगाल व बांगलादेश, दोन्हीकडच्या सुंदरबनात नेमके हेच केले. त्यात कोळंबीच्या तळ्यांसाठी मुद्दाम आत घेतलेले खारे पाणी आणि विहिरी-कूपनलिकांचा बेसुमार उपसा यांची भर पडते.

आणखी एक कारण वरच्या अंगाला आहे. नदीतून गोडे पाणी पुरेसे आले तर ते समुद्राला मागे रेटते. उन्हाळ्यात प्रवाह रोडावला की समुद्र नदीत शिरतो. गंगेवर भारताच्या हद्दीत फराक्का धरण १९७५ साली सुरू झाले. उन्हाळ्यातील पाण्याच्या वाटपाचा करार दोन्ही देशांत डिसेंबर १९९६ मध्ये तीस वर्षांसाठी झाला. म्हणजे खुलन्यातील गर्भवतीच्या घागरीत किती मीठ असावे, हे काही अंशी दोन राजधान्यांतील बैठकांत ठरते. एकट्या देशाला हा आजार बरा करता येणार नाही.

वादळाच्या बाबतीत जमले

शेजाऱ्यांनी एकत्र येऊन काय साधते, याचे उत्तम उदाहरण वादळांचेच आहे. नोव्हेंबर १९७० मध्ये त्या वेळच्या पूर्व पाकिस्तानात भोला बेटाच्या परिसरात आलेल्या वादळाने किमान तीन लाख माणसे नेली. त्यानंतर १९७२ साली जागतिक हवामान संघटना आणि संयुक्त राष्ट्रांचा आशिया-प्रशांत आयोग यांच्या पुढाकाराने बंगालचा उपसागर व अरबी समुद्राकाठच्या देशांचे चक्रीवादळ मंडळ उभे राहिले. आज त्यात १३ देश आहेत. भारत, पाकिस्तान, बांगलादेश, म्यानमार, श्रीलंका, मालदीव यांच्याबरोबर ओमान, येमेन आणि इराणही आहेत. दिल्लीतील आपल्या हवामान खात्याचे केंद्र या सर्वांना वादळाची सूचना देते. राजकारणात कितीही तेढ असो, ही खबर थांबत नाही.

वादळांची नावेही हे देश मिळून ठरवतात. ३ जून २०२० रोजी श्रीवर्धन-दिवेआगर भागात धडकलेले आणि दापोली-मंडणगडच्या नारळी-पोफळी आडव्या करून गेलेले ‘निसर्ग’ आपल्या चांगलेच लक्षात आहे. ते नाव बांगलादेशाने सुचवलेले होते. पुढच्या वर्षीच्या ‘तौक्ते’चे नाव म्यानमारचे. आपण एकाच घरातले आहोत, हे समुद्राला आपल्या आधी कळले आहे.

पण केवळ खबर देऊन भागत नाही, ती वाडीपर्यंत पोचावी लागते. मे २००८ मध्ये म्यानमारवर ‘नर्गिस’ आले. दिल्लीहून सूचना आधीच गेल्या होत्या, तरी सव्वा लाखाहून अधिक माणसे मेली किंवा बेपत्ता झाली. याउलट बांगलादेशाने गावोगाव स्वयंसेवक तयार केले. आज त्यांची संख्या पाऊण लाखाच्या घरात असून त्यांत निम्म्या स्त्रिया आहेत. स्त्रिया असण्याला कारण आहे. एप्रिल १९९१ च्या वादळात तेथे सुमारे १ लाख ४० हजार बळी गेले, त्यांत पुरुषांपेक्षा बायका कितीतरी अधिक होत्या. घर आणि पोरे सोडून परक्या पुरुषाच्या सांगण्यावरून निवाऱ्याला जाणे त्यांना जमत नव्हते. बाईने येऊन सांगितले की बाई निघते. २००७ च्या ‘सिद्र’मध्ये बळींचा आकडा साडेतीन हजारांच्या आत आला. मे २०२० च्या ‘अम्फान’मध्ये भारत व बांगलादेश मिळून तो सव्वाशेच्या आसपास राहिला.

मिठाचीही खबर हवी

वादळ एका रात्रीत मारते म्हणून त्याची बातमी होते. मीठ हळूहळू मारते, त्याची बातमी होत नाही. वादळासाठी जशी सामाईक व्यवस्था उभी राहिली, तशी पाण्यातील मिठासाठीही हवी. किनाऱ्यावरच्या विहिरींचे मोजमाप सर्व देशांत एकाच पद्धतीने व्हावे. गर्भवतीच्या रक्तदाबाच्या नोंदीसोबत तिच्या पाण्याचीही नोंद व्हावी. एका देशाला सापडलेला उपाय दुसऱ्याच्या दवाखान्यात लगेच पोचावा.

हे अशक्य नाही. १९६८ साली ढाक्याच्या कॉलरा प्रयोगशाळेत मीठ व ग्लुकोजचे पाणी तोंडाने पाजून रुग्ण वाचतो हे दिसले. १९७१ मध्ये बनगावच्या निर्वासित छावणीत सलाइन पुरेना, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी हाच उपाय सरसकट वापरला आणि असंख्य जीव वाचवले. ढाक्यात सापडले, बंगालच्या छावणीत सिद्ध झाले, आणि आज ती पुडी आपल्या एसटी स्टँडवरच्या औषधाच्या दुकानात मिळते. डिसेंबर २०१४ मध्ये मालदीवच्या राजधानीतील, समुद्राचे पाणी गोडे करणाऱ्या कारखान्याला आग लागली आणि लाखभर लोकांचे पाणी तुटले. तेव्हा भारताने विमाने व जहाजे भरून पाणी पाठवले. अडल्या वेळी आपण धावतो. गरज आहे ती बारमाही सहकार्याची.

आपल्या घरापुरते

सरकारे करतील तेव्हा करतील. आपल्या खाडीकाठच्या वाड्यांतही एप्रिल-मेमध्ये विहिरी मचूळ होतात. तेव्हा वाचकांनी पुढील गोष्टी ध्यानात ठेवाव्यात.

१. जिभेला मचूळ चवीची सवय होते, म्हणून चवीवर विसंबू नये. पाण्याचा नमुना मे महिन्यात, विहीर तळाला गेल्यावर, प्रयोगशाळेत तपासून घ्यावा. क्लोराइड लिटरला २५० मिलिग्रॅमच्या आत असणे चांगले.

२. उकळल्याने, तुरटीने किंवा क्लोरीनने जंतू वा गाळ कमी होतो, मीठ जात नाही. उलट पाणी आटले की खारटपणा वाढतो. आरओ यंत्राने मात्र मीठ निघते.

३. गोडे पाणी थोडे असेल तर ते पिण्यासाठी व स्वयंपाकासाठी राखावे. धुणी-भांडी मचूळ पाण्यावर करावीत.

४. गर्भवतीचा रक्तदाब दरमहा व शेवटच्या महिन्यांत अधिक वेळा तपासावा. डोके फार दुखणे, डोळ्यांपुढे अंधारी, चेहऱ्यावर व हातांवर सूज, पोटाच्या वरच्या भागात कळ, यांपैकी काहीही झाल्यास त्याच दिवशी दवाखाना गाठावा.

५. जुलाबावरची पुडी किंवा बाळाचे पावडरचे दूध मचूळ पाण्यात कालवू नये.

६. पन्हळीचे पाणी साठवताना पहिल्या सरींचे सोडून द्यावे. टाकीला झाकण व जाळी असावी, नाहीतर डासांची पैदास होईल.

७. विहिरीत उधाणाचे पाणी शिरले तर घाईने पंप लावून ती कोरडी करू नये. तळचे खारे पाणी आणखी वर ओढले जाते. जाणकारांचा सल्ला घ्यावा.

आणि रक्तदाबाच्या गोळ्या चालू असूनही दाब उतरत नसेल, तर गोळ्या आपल्या मनाने बदलू अथवा बंद करू नयेत. पुढच्या खेपेला डॉक्टरांना एवढे मात्र जरूर सांगावे, की आपण कोणत्या विहिरीचे पाणी पितो.