समुद्र नसलेले बंदर : महाड

सुट्टीचे दिवस आले की आपल्या धर्मग्रामांतून सहली निघतात. रायगड किंवा महाबळेश्वर गाठण्याच्या घाईत आपल्या गाड्या महाडला चहापुरत्या थांबतात आणि पुढे जातात. आम्हीही अनेकदा असेच पुढे गेलो. महाड हे एके काळी नावाजलेले बंदर होते, असे कोणी सांगितले तर प्रथम विश्वास बसत नाही, कारण येथून समुद्र कोठेही दिसत नाही. तो खाडीच्या वाटेने चाळीस-पन्नास किलोमीटर दूर, बाणकोट आणि हरिहरेश्वरच्या मध्ये आहे. मग येथे गलबते आली कशी?

याचे उत्तर सावित्री नदीत आणि भरतीच्या पाण्यात आहे. महाबळेश्वरच्या डोंगरात उगम पावलेली सावित्री पोलादपूरवरून महाडला येते. येथे तिला गांधारी मिळते आणि येथूनच तिची खाडी होऊ लागते. समुद्राला भरती आली की पाणी खाडीतून वर चढते. या पाण्याबरोबर गलबते आत येत, माल उतरवून नवा माल भरीत आणि ओहोटीबरोबर परत जात. मोठी जहाजे खाली म्हाप्रळ, दासगावकडे थांबत. लहान पडाव व मचवे महाडपर्यंत पोहोचत. उधाणाच्या दिवसांत पाणी अधिक, भांगाच्या दिवसांत कमी. त्यामुळे येथील व्यापाऱ्याला तिथीचे गणित हिशोबाच्या वहीइतकेच पाठ असावे लागे.

बंदर इतके आत का, असाही प्रश्न पडेल. जुन्या काळी बैलाच्या पाठीवरून माल नेण्यापेक्षा होडीतून नेणे कितीतरी स्वस्त पडे. म्हणून पाणी नेईल तितके आत जावे आणि घाटाच्या पायथ्याशी माल उतरवावा, हा शहाणपणाचा व्यवहार होता. महाडहून वरंध घाटाने भोरकडे आणि पोलादपूरहून पार घाटाने जावळी-वाईकडे वाटा जात. कोकणातील मीठ, नारळ, सुकी मासळी वर चढे आणि देशावरचे धान्य, गूळ खाली उतरे. नाव आणि बैल यांची गाठ जेथे पडे, तेथे हे गाव वसले.

ही गाठ फार जुनी आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकात ‘पेरिप्लस’ नावाची एक ग्रीक सागरी मार्गदर्शिका लिहिली गेली. इजिप्तच्या तांबड्या समुद्रावरील बंदरांतून जुलैच्या सुमारास निघालेली जहाजे नैऋत्य वाऱ्यावर भारताच्या पश्चिम किनाऱ्याला कशी येत, हे तिच्यावरून कळते. कल्याण आणि चौलनंतर तिच्यात ‘पालैपत्मै’ हे नाव येते. ते महाडजवळचे पाले असावे, असे काही अभ्यासक मानतात. त्याच पाले गावाच्या डोंगरात, मुंबई-गोवा महामार्गालगत, सुमारे तीस बौद्ध लेण्यांचा समूह आहे. गांधारपाले लेणी म्हणून ती ओळखली जातात. येथील एका शिलालेखात संघरक्षित नावाच्या श्रेष्ठीच्या पुत्राने दिलेल्या दानाची नोंद आहे. बंदरात मिळवलेल्या धनाचा काही वाटा भिक्षूंच्या निवाऱ्यासाठी दगडात कोरला गेला. पायऱ्या चढून वर उभे राहिले की खाली नदीचे वळण आणि गाव एकदम दिसते, आणि ही जागा का निवडली गेली असावी ते सांगावे लागत नाही.

1656 साली जावळी घेतल्यावर छत्रपती शिवाजी महाराजांच्या हाती हा घाटमार्ग आणि रायगडचा डोंगर आला. 1674 साली त्याच रायगडावर राज्याभिषेक झाला. पोलादपूर येथे ‘शिवभारत’ रचणाऱ्या कवींद्र परमानंदांची समाधी आहे. पुढे 1756 च्या तहाने बाणकोट व दासगाव इंग्रजांकडे गेले. नदीचे मुख ज्याच्या ताब्यात, त्याच्या हाती तिचा व्यापार, हे त्यांनी ओळखले होते. 1802 साली यशवंतराव होळकरांकडून पुण्याजवळ पराभव झाल्यावर दुसरे बाजीराव पेशवे महाडला आले, तेथून सुवर्णदुर्गास गेले आणि समुद्रमार्गे वसईला पोहोचले. त्याच वर्षी 31 डिसेंबरला वसईचा तह झाला.

परंतु महाडच्या बंदरमार्गावरून आलेली सर्वांत मोलाची गोष्ट कोणत्याही वखारीत उतरली नाही. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले असावेत, असा ठराव मुंबई विधिमंडळात 1923 साली झाला होता आणि महाड नगरपालिकेने 1924 साली चवदार तळे खुले केल्याचे जाहीर केले होते. ठराव कागदावरच राहिला. 20 मार्च 1927 रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि त्यांच्यासोबतच्या हजारो स्त्री-पुरुषांनी या तळ्याचे पाणी प्राशन केले. त्यानंतर परिषदेस आलेल्यांवर हल्ले झाले, तळ्याचे ‘शुद्धीकरण’ झाले आणि नगरपालिकेने आपला ठरावही मागे घेतला. म्हणून डिसेंबरात दुसरी परिषद भरली. तिच्यासाठी बाबासाहेब दोनशेहून अधिक प्रतिनिधींसह 24 डिसेंबरला मुंबईहून ‘पद्मावती’ बोटीने निघाले. नाताळाच्या दिवशी ते दासगावला उतरले आणि सुमारे आठ किलोमीटर चालत महाडला पोहोचले. परिषदेच्या मंडपासाठी एका मुस्लिम गृहस्थांनी आपली जागा दिली होती. त्याच रात्री मनुस्मृतीचे दहन झाले. तळ्याचा खटला दहा वर्षे चालला आणि 17 मार्च 1937 रोजी मुंबई उच्च न्यायालयाने अस्पृश्य मानलेल्यांच्या बाजूने निर्णय दिला. ज्या गावाने शतकानुशतके परदेशी माल उतरवून घेतला, त्याच गावात शेजाऱ्याला पाण्याची ओंजळ मिळण्यासाठी एवढा काळ लागला, हे तळ्याच्या काठी उभे राहून आठवावे.

1863 साली बोरघाटातून रेल्वे सुरू झाली, देशावरचा माल मुंबईकडे वळला आणि पुढे गाळ व मोटाररस्ते यांनी महाडच्या नावा थांबवल्या. भरती मात्र थांबली नाही. घाटात अतिवृष्टी होते तेव्हा पुराचे पाणी वेगाने खाली येते; त्याच वेळी समुद्राला भरती असेल तर ते पुढे सरकत नाही आणि शहरात शिरते. जुलै 2005 मध्ये महाड बुडाले आणि दासगाव, जुई, रोहन, कोंडिवते येथील दरडींत दीडशेहून अधिक लोक मृत्युमुखी पडले. 2 ऑगस्ट 2016 च्या रात्री सावित्रीवरील ब्रिटिशकालीन पूल प्रवाशांच्या वाहनांसह वाहून गेला. 22 जुलै 2021 रोजी तळीये गावावर दरड कोसळली. पोलादपूर तालुक्यातही जीव गेले. ज्या पाण्याने गावाला घडवले, तेच आज त्याची परीक्षा पाहत आहे.

म्हणून आमचे सांगणे एवढेच की, या वाटेने जाताना एक दिवस महाडसाठी राखून ठेवा. पावसाळा टाळावा, त्या दिवसांत घाटरस्ते धोक्याचे असतात. सकाळी उन्हाआधी गांधारपाले लेणी पाहावीत, मग चवदार तळ्याला जावे आणि दुपारी दासगावच्या खाडीकाठी थांबावे. पंचांगात भरतीची वेळ पाहून गेलात तर उत्तम. पाणी हळूहळू वर चढताना आपल्या मुलांना दाखवा आणि सांगा की येथे माणसे दोनदा उतरली : एकदा व्यापारासाठी आणि एकदा हक्काच्या पाण्यासाठी.