मांडव्याचा बंगला, अँबी व्हॅलीची धावपट्टी

मे २०१७ मध्ये सक्तवसुली संचालनालयाने मांडव्याच्या समुद्रकाठच्या सतरा एकरांच्या मालमत्तेचा ताबा घेतला. विजय मल्ल्यांचं हे फार्महाऊस. बाजारभाव शंभर कोटींच्या घरात सांगितला गेला, आणि टाच तर आदल्या वर्षीच आली होती. गेटवेहून लाँचने येणाऱ्या पर्यटकांच्या दृष्टीने किनाऱ्यावरच्या बड्या लोकांच्या बंगल्यांपैकी एकाला सरकारी सील लागलं, इतकीच ती बातमी. मोटार शर्यतींच्या जगात मात्र तिचा अर्थ वेगळा होता, कारण या देशातल्या वेगाच्या खेळाला सर्वाधिक पैसा देणाऱ्या माणसांपैकी एकाच्या घराला ते सील होतं.

त्याआधी तीनच महिने, फेब्रुवारी २०१७ मध्ये, सर्वोच्च न्यायालयाने सहारा समूहाच्या अँबी व्हॅलीवर टाच आणण्याचा आदेश दिला होता. एप्रिलमध्ये लिलावाचाही आदेश निघाला. लोणावळ्यापलीकडच्या या डोंगरी नगरीत खासगी विमानांसाठी एक धावपट्टी आहे. त्याच धावपट्टीवर ‘द व्हॅली रन’ ही ड्रॅग शर्यत भरत आली आहे. महाराष्ट्रात सरळ रेषेतल्या वेगाचं एवढं मोठं दुसरं व्यासपीठ नाही.

मांडव्याचे मल्ल्या आणि अँबी व्हॅलीचे सुब्रत रॉय हे तेव्हा एकाच फॉर्म्युला वन संघाचे भागीदार होते. सह्याद्रीच्या अलीकडे एकाची आणि पलीकडे दुसऱ्याची मालमत्ता एकाच उन्हाळ्यात कायद्याच्या कचाट्यात सापडली. भारतातल्या मोटार शर्यतींचा पैसा कुठून येत होता आणि का आटला, हे समजून घ्यायला या दोन जागा पुरेशा आहेत.

मल्ल्यांना वेगाची हौस होती आणि ती खरी होती. १९८० च्या दशकात चेन्नईजवळच्या शोलावरमच्या जुन्या धावपट्टीवर ते स्वतः एन्साइन बनावटीची फॉर्म्युला वन गाडी पळवत. पुढे त्यांच्या किंगफिशरचं नाव बेनेटनच्या आणि नंतर टोयोटाच्या गाड्यांवर दिसलं. २००७ मध्ये त्यांनी डच उद्योजक मिशिएल मोल यांच्यासोबत स्पायकर हा संघच विकत घेतला आणि २००८ पासून तो ‘फोर्स इंडिया’ झाला. २००९ मध्ये बेल्जियममध्ये संघाचा चालक फिसिकेला याने पोल पोझिशन पटकावली आणि शर्यतीत दुसरा क्रमांक मिळवला, तेव्हा या संघाची टिंगल करणाऱ्यांनाही दखल घ्यावी लागली.

किंगफिशर एअरलाइन्सचा तोटा वाढत गेला तशी रोख रकमेची चणचण सुरू झाली. ऑक्टोबर २०११ मध्ये सहाराने दहा कोटी डॉलर मोजून ४२.५ टक्के हिस्सा घेतला. त्याच महिन्याच्या शेवटी ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटवर पहिली इंडियन ग्रां प्री झाली. सर्किट जेपी समूहाचं होतं आणि शर्यतीच्या नावापुढे एअरटेल. चित्र फार देखणं होतं. पण त्याच्या मुळाशी होता तो विमान कंपनीचा, गुंतवणूक योजनांचा आणि बांधकामाचा पैसा, आणि तीनही ठिकाणी कर्जाचा किंवा देण्याचा डोंगर वाढत होता.

पुढचा क्रम झपाट्याचा आहे. ऑगस्ट २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सहाराला गुंतवणूकदारांचे सुमारे चोवीस हजार कोटी परत करायला सांगितले. त्याच ऑक्टोबरात किंगफिशरची विमानं जमिनीवर आली. २०१३ नंतर इंडियन ग्रां प्री बंद पडली, कारण ती खेळ की करमणूक यावरून करांचा वाद मिटला नाही. मार्च २०१४ मध्ये सुब्रत रॉय तिहारमध्ये गेले आणि मार्च २०१६ मध्ये मल्ल्यांनी देश सोडला. संघ मात्र पळतच राहिला. २०१६ आणि २०१७ या दोन्ही वर्षी तो संघांच्या यादीत चौथा आला. तुटपुंज्या पैशात अभियंत्यांनी केलेलं हे काम या सगळ्या कहाणीतलं सर्वांत कौतुकास्पद आहे, आणि त्याची आठवण भारतात फारशी कोणी काढत नाही. जुलै २०१८ मध्ये संघ दिवाळखोरीच्या प्रशासकाकडे गेला. कॅनडाच्या लॉरेन्स स्ट्रोल यांच्या गटाने तो घेतला आणि आज तो ॲस्टन मार्टिन या नावाने धावतो.

या पैशातून काहीच उगवलं नाही, असं म्हणता येणार नाही. २०११ मध्ये फोर्स इंडियाने ‘वन फ्रॉम अ बिलियन’ ही शोधमोहीम घेतली. निवडलेल्या तिघांमध्ये मुंबईचा तेरा वर्षांचा जेहान दारूवाला होता. तो पुढे फॉर्म्युला टूच्या शर्यती जिंकला. पण एका मोहिमेने एक चालक घडतो. खेळ उभा राहायला वर्षानुवर्षं चालणारी व्यवस्था लागते, आणि ती कोणी बांधलीच नाही.

आता ड्रॅग शर्यतीकडे पाहू. नियम अगदी साधा असतो: शेजारी शेजारी दोन गाड्या, समोर ४०२ मीटर सरळ रस्ता, आधी पोचेल तो जिंकला. अँबी व्हॅलीत येणारे बहुतेक स्पर्धक आपलीच गाडी किंवा मोटारसायकल घेऊन येतात. टर्बो, टायर, क्लच, इंधन, गाडी वाहून आणणारा ट्रक, सगळा खर्च खिशातला. आयोजकाच्या डोक्यावर धावपट्टीचं भाडं, परवाने, वेळ मोजणारी यंत्रणा, रुग्णवाहिका, अग्निशमन बंब आणि विमा. टीव्हीच्या दृष्टीने हा खेळ अवघड, कारण एक फेरी दहा-बारा सेकंदांत आटोपते आणि जाहिरातदाराचं नाव डोळ्यांत ठसेपर्यंत गाडी पुढे निघून गेलेली असते. शिवाय रस्त्यावरच्या बेकायदा शर्यतींचा डाग या खेळाला उगाचच चिकटलेला. ज्या मुलांना हायवेवरून उचलून सुरक्षित धावपट्टीवर आणायचं, त्यांच्यासाठी खर्च करायला कंपन्या त्याच डागामुळे कचरतात, हा या खेळावरचा मोठा अन्याय आहे.

ड्रॅग शर्यतीचं माहेर अमेरिका. तिथेही प्रायोजकांनी कमी रडवलेलं नाही. नॅशनल हॉट रॉड असोसिएशन १९५१ मधली. १९७५ पासून तिच्या मुख्य मालिकेला विन्स्टन सिगारेटचं नाव होतं. तंबाखू कंपन्यांच्या प्रायोजकत्वावर १९९८ च्या करारात मर्यादा आली आणि २००१ नंतर विन्स्टन गेलं. मग कोका-कोला आपल्या वेगवेगळ्या पेयांच्या नावाने आली आणि २०२० मध्ये करोनाच्या ऐन तडाख्यात बाहेर पडली. प्रकरण कोर्टात गेलं. सोळा वेळा विजेता ठरलेल्या जॉन फोर्सची कॅस्ट्रॉलशी असलेली जवळपास तीन दशकांची साथ २०१४ मध्ये सुटली. २०१८ अखेर अमेरिकी लष्कराने हात काढून घेतला, तेव्हा टॉप फ्युएलमधला आठ वेळचा विजेता टोनी शूमाकर पुढचा जवळजवळ सगळा हंगाम घरी बसला. टॉप फ्युएल गाडीचं सुमारे अकरा हजार अश्वशक्तीचं इंजिन प्रत्येक फेरीनंतर खोलून पुन्हा जुळवावं लागतं. तो खर्च नुसत्या हौसेवर पेलत नाही.

तरीही तिथला खेळ मोडला नाही. प्रेक्षक दारावर तिकीट काढतात, हजारो हौशी स्पर्धक प्रवेश फी भरतात, आणि एक प्रायोजक गेला तर त्याच्या जागी दुसरा येतो. कोका-कोला गेल्यावर त्याच हंगामात कॅम्पिंग वर्ल्डचं नाव लागलं. आपल्याकडे प्रायोजक आणि मालक हा एकच माणूस होता. तो बुडाला की त्याच्या जागी यायला कोणीच नसे.

महाराष्ट्रात याच्या अगदी उलट उदाहरण आहे, आणि ते मांडव्याच्या शेजारीच सापडतं. अलिबाग तालुक्याच्या किनाऱ्यांवर ओहोटीच्या घट्ट वाळूत बैलगाड्यांच्या आणि घोडागाड्यांच्या शर्यती होत आल्या आहेत. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बैलांच्या शर्यतींवर बंदी घातली. डिसेंबर २०२१ मध्ये परवानगी मिळाली आणि मे २०२३ मध्ये घटनापीठाने राज्याचा कायदा वैध ठरवला. इतकी वर्षं बंद राहिलेला खेळ परवानगी मिळताच दुप्पट जोमाने उसळला. मे २०२२ मध्ये पिंपरी-चिंचवडजवळ चिखलीला पहिलं बक्षीस होतं जेसीबी. राजकीय पुढाऱ्यांचा हात त्यात आहेच आणि बैलांच्या हालांबद्दलचे आक्षेपही गंभीर आहेत. पण पैशाची रचना पाहावी: गावची वर्गणी, गाडामालकांची फी, स्थानिक व्यापाऱ्यांची छोटी छोटी बक्षिसं. एकट्या कोणाच्या कर्जावर ही शर्यत कधीच उभी नव्हती.

मोटारींच्या बाबतीत असा पाया घालण्याचा एक चांगला प्रयत्न फोक्सवॅगनने केला. २०१० मध्ये पोलो कप सुरू झाला, त्यामागे चाकणचा कारखाना होता. सगळ्यांना सारख्याच गाड्या आणि सांभाळायला कंपनीचेच मेकॅनिक. कंपनीला गाड्या विकायच्या होत्या, म्हणून खर्चाला व्यापारी कारण होतं. याच मालिकेच्या पुढच्या अवतारात, आमिओ कपमध्ये, २०१८ मध्ये कोल्हापूरचा ध्रुव मोहिते विजेता ठरला. कोल्हापूरसारख्या शहरातल्या मुलाला राष्ट्रीय विजेतेपदापर्यंत नेणारा हा मार्ग फॉर्म्युला वनच्या झगमगाटापेक्षा कितीतरी उपयोगी होता.

अँबी व्हॅलीचा लिलाव अखेर झाला नाही. एप्रिल २०२५ मध्ये सक्तवसुली संचालनालयाने तिथल्या ७०७ एकरांवर नव्याने टाच आणली. बुद्ध सर्किट बांधणारी जेपी असोसिएट्स २०२४ मध्ये दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. ड्रॅग शर्यतीचं राष्ट्रीय विजेतेपद ज्याने पुन्हा पुन्हा जिंकलं, तो हेमंत मुद्दप्पा बंगळूरचा आणि त्याच्या शर्यती चेन्नईच्या सर्किटवर. पुण्या-मुंबईच्या मुलांनाही गाडी ट्रकवर चढवून तिकडेच जावं लागतं. देशातल्या कितीतरी मोटारी आणि मोटारसायकली जिथे तयार होतात त्या पुणे जिल्ह्यात ४०२ मीटरची एक कायमची, सरकारमान्य पट्टी असावी आणि तिचा खर्च चाकणच्या पाच-सहा कंपन्यांनी मिळून उचलावा, ही मागणी आता शर्यतपटूंनीच उद्योग आणि क्रीडा या दोन्ही खात्यांपुढे लावून धरायला हवी.