अलिबागचे ३४ अंश, वाशीमचे ४३

१ मे, महाराष्ट्र दिन. सकाळी शाळेत झेंडावंदन, मुलांचा निकाल हातात आणि दुपारी गाडी कोकणच्या वाटेला, असा बेत आता आसेगाव, मंगरुळपीर, कारंजा भागातल्या बऱ्याच घरांत शिजतो. जून २०२५ मध्ये समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा सुरू झाला. आता शेलूबाजारला महामार्गावर चढलेली गाडी थेट भिवंडीजवळ उतरते. पुढे अलिबाग, काशीद, मुरूड. सुट्टी जास्त असेल तर गुहागर, मालवण. त्या दिवसांत हे किनारे जत्रेसारखे फुललेले असतात. घोडागाडी, बर्फाचा गोळा, भेळ, लाटांत उड्या मारणारी पोरे. जरूर जावे. फक्त निघण्यापूर्वी एक गोष्ट समजून घ्यावी : आपल्या ओळखीचे ऊन आणि आपल्या ओळखीचे पाणी, दोन्ही तिथे वेगळे वागतात.

आधी उन्हाचे पाहू. “आम्ही ४३ अंशांत राहतो डॉक्टर, तिथले ३४ म्हणजे थंड हवाच,” हे वाक्य मी दवाखान्यात दर उन्हाळ्यात ऐकतो. हिशेब सरळ वाटतो, पण त्यात हवेतली आर्द्रता धरलेली नसते.

आपल्याकडे मे महिन्यात माठातले पाणी गार होते, कारण माठाच्या अंगाला पाझरलेले पाणी कोरड्या हवेत झटकन उडून जाते आणि जाताना उष्णता घेऊन जाते. कूलरचेही तेच. माणसाचे शरीरही एक माठच आहे. एक लिटर घाम अंगावरून पूर्ण वाळला, तर सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता बाहेर जाते. मात्र तो वाळला पाहिजे. किनाऱ्यावरची हवा आधीच ओलसर असते. तिथे घाम वाळत नाही, नुसता ओघळतो. ओघळलेल्या घामाने शरीरातले पाणी आणि मीठ जाते, पण गारवा मिळत नाही.

हे आकड्यांत मांडता येते. थर्मामीटरच्या टोकाला ओले फडके गुंडाळले, की हवा जास्तीत जास्त किती गारवा देऊ शकते ते कळते. हवा ४३ अंशांची आणि आर्द्रता १५ टक्के असेल, तर ओले फडके २३ अंशांपर्यंत उतरते. हवा ३४ अंशांची आणि आर्द्रता ६५ टक्के असेल, तर ते २८ अंशांच्या खाली जात नाही. म्हणूनच कूलर तिथे कुचकामी ठरतो. सावलीत बसलेल्या माणसाला या दोन्ही हवा जवळपास सारख्याच जड पडतात. फरक आपल्या वागण्यात असतो. वाशीमला ४३ अंशांत आपण दुपारी दार लावून बसतो. तिथे ३४ अंशांत भर दुपारी वाळूवर क्रिकेट खेळतो.

हवामान खात्याचा नियमही हेच सांगतो. उष्णतेची लाट जाहीर करण्यासाठी मैदानी भागात पारा किमान ४० अंशांवर जावा लागतो. किनारपट्टीला ३७ अंशांपासूनच विचार सुरू होतो. १६ एप्रिल २०२३ रोजी खारघरच्या मैदानात भर उन्हात झालेल्या सोहळ्यानंतर उष्माघाताने १४ जणांचा जीव गेला. त्या दिवशी तिथे पारा ३८ अंशांच्या आसपास होता. आपल्याकडे मे महिन्यात ३८ अंश म्हणजे बरा दिवस.

म्हणून किनाऱ्यावर सकाळी दहापूर्वी आणि संध्याकाळी साडेचारनंतर जावे. तहान लागण्याची वाट न पाहता पाणी, ताक, लिंबू सरबत घेत राहावे. ओआरएसची पुडी एक लिटर पाण्यातच कालवावी. दारू पिऊन उन्हात किंवा पाण्यात जाऊ नये. लघवी जास्त होण्याच्या गोळ्या रक्तदाबासाठी चालू असतील, तर निघण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावे; गोळी मनाने बंद करू नये. इन्सुलिन उन्हात उभ्या गाडीत ठेवू नये.

माणूस असंबद्ध बोलू लागला, तोल जाऊ लागला, अंग तापले, तर तो उष्माघात समजावा. अंगाला घाम आहे म्हणून निर्धास्त राहू नये. दमट हवेत घामाघूम माणसालाही उष्माघात होतो. सावलीत न्यावे, कपडे सैल करावेत, भरपूर गार पाणी ओतत राहावे, मान, काख आणि जांघेत बर्फ ठेवावा, वारा घालावा आणि १०८ ला फोन करावा. शुद्ध हरपलेल्याला पाणी पाजू नये.

आता पाण्याचे. आपली पोरे विहिरीत, तलावात, धरणाच्या पाण्यात पोहायला शिकतात. ते पाणी उभे असते. समुद्र चालतो. किनाऱ्यावर येऊन फुटलेल्या लाटांचे पाणी परत जायला वाट शोधते आणि काही ठिकाणी अरुंद पट्ट्यातून जोराने आत जाते. कपटाची गोष्ट अशी, की त्या पट्ट्यात लाटा कमी फुटतात, म्हणून तीच जागा शांत आणि पोहण्याजोगी वाटते. १ फेब्रुवारी २०१६ ला मुरूडला पुण्याचे १४ विद्यार्थी बुडाले. एप्रिल २०१७ मध्ये मालवणजवळ वायरीच्या किनाऱ्यावर बेळगावच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातले ८ जण गेले. तरणीताठी मुले होती सगळी.

अशा ओढीत सापडल्यास किनाऱ्याकडे तोंड करून झगडू नये. त्याने दम संपतो, आणि दम संपला की माणूस बुडतो. पाठीवर तरंगावे, हात उंच करून हाक मारावी. ओढ सैल झाली की किनाऱ्याला समांतर पोहत बाजूला सरकावे आणि मग लाटांबरोबर बाहेर यावे. बुडणाऱ्यामागे उडी मारणाराही बुडतो. त्याच्याकडे दोर, रिकामा कॅन, हवेची ट्यूब फेकावी.

भरती-ओहोटीचा कोकणातला जुना ठोकताळा पाठ करण्यासारखा आहे : तिथीची पाऊणपट म्हणजे पूर्ण भरतीची वेळ. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा. म्हणजे सकाळी-संध्याकाळी सहाच्या सुमारास भरती आणि बाराच्या आसपास ओहोटी. पौर्णिमा-अमावास्येला पाणी सर्वांत जास्त चढते-उतरते. भिंतीवरचे कॅलेंडर पाहून निघावे आणि तिथे पोहोचल्यावर जीवरक्षकाला किंवा मासेमारी करणाऱ्यांना विचारावे. ते नको म्हणाले, तर वाद घालू नये.

बुडालेल्याला बाहेर काढल्यावर पोट दाबणे, उलटे धरून गरगर फिरवणे हे प्रकार आजही होतात. त्यात मोलाची मिनिटे जातात आणि पोटातले पाणी, अन्न श्वासनळीत उतरते. श्वास थांबला असेल, तर त्याला हवा हवी असते. नाक चिमटीत धरून तोंडाने दोन श्वास द्यावेत, मग छातीच्या मधोमध ३० वेळा जोराने दाबावे, पुन्हा दोन श्वास; मदत येईपर्यंत हेच चालू ठेवावे. शुद्धीवर आला तरी रुग्णालयात न्यावे, कारण फुप्फुसाचा त्रास काही तासांनीही सुरू होतो.

समुद्र पाहिला नाही असे मूल आपल्या भागात पुष्कळ आहे. ते त्याला जरूर दाखवावे. पहिल्या दिवशी मात्र पाणी गुडघ्यापर्यंत आणि मुलाचा हात आपल्या हातात असावा.