तारेला फ्यूज असतो, कानाला नसतो
जुन्या गाडीत नवा स्टिरिओ बसवण्याआधी विजेचे आणि आवाजाचे गणित समजून घ्यायला हवे

पनवेलजवळ पळस्पे फाट्यावर जुन्या मुंबई-पुणे महामार्गापासून गोव्याकडे जाणारा महामार्ग फुटतो. गणपतीच्या आणि शिमग्याच्या आधी इथून कोकणात उतरणाऱ्या गाड्यांची रांग लागते. त्यांत नव्या कोऱ्या गाड्या असतात, तशा पंधरा-वीस वर्षे जुन्या मारुती ८००, ओम्नी, सँट्रो आणि वॅगन आरही असतात. तळकोकणातल्या गावापर्यंत गर्दीच्या दिवसांत दहा-बारा तास सहज लागतात, त्यामुळे गाणी हवीतच. गाडीतला मूळचा कॅसेटचा टेप केव्हाच बंद पडलेला असतो. मग निघण्याच्या आठवडाभर आधी ब्लूटूथचा नवा स्टिरिओ येतो, हौस असली तर मागे वूफर आणि ॲम्प्लिफायरही बसतो. काम तासाभराचे. चार तारा पिळल्या, काळी टेप गुंडाळली, आवाज आला, की झाले.

या तासाभराच्या कामातून आरोग्याचे दोन प्रश्न उभे राहतात. एक आगीचा आणि दुसरा कानाचा. दोन्हींत एक गोष्ट सारखी आहे. नुकसान सुरू होते तेव्हा इशारा मिळतोच असे नाही.

बारा व्होल्टचा गैरसमज

गाडीच्या बॅटरीला हात लागला तरी शॉक बसत नाही, म्हणून ही वीज निरुपद्रवी असे अनेकांना वाटते. शॉक व्होल्टवर अवलंबून असतो हे खरे, पण तार तापते ती प्रवाहामुळे, म्हणजे ॲम्पिअरमुळे. घरातला २३० व्होल्टवरचा ६० वॅटचा बल्ब जेमतेम पाव ॲम्पिअर प्रवाह घेतो. गाडीच्या हेडलाइटमधला तेवढ्याच वॅटचा बल्ब १२ व्होल्टवर ५ ॲम्पिअर घेतो. उष्णता तर प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. प्रवाह दुप्पट झाला की उष्णता चौपट. तेवढ्याच वॅटसाठी, त्याच जाडीची तार गाडीत घरापेक्षा साडेतीनशे पटींहून अधिक तापते.

३०० वॅटचा ॲम्प्लिफायर पूर्ण जोराने वाजू लागला, तर त्याला ३५ ते ४० ॲम्पिअर लागतात. त्यासाठी निदान १० चौरस मिलिमीटरची तांब्याची तार हवी. घरात पंख्यासाठी वापरतात तसली दीड चौरस मिलिमीटरची तार इथे चालत नाही. बाजारात तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची तार स्वस्तात मिळते. ॲल्युमिनियम तांब्याच्या साधारण ६० टक्केच वीज वाहून नेते, म्हणून दिसायला जाड असलेली ही तार कामाला बारीक ठरते. ब्लेडने खरवडल्यावर आतून चंदेरी रंग दिसला, तर ती तांब्याची नाही असे समजावे.

फ्यूज कशासाठी?

फ्यूज स्टिरिओला वाचवण्यासाठी असतो असे बहुतेकांना वाटते. त्याचे खरे काम तारेला वाचवणे हे आहे. बॅटरीची तार इंजिनाच्या बाजूने पत्र्यातल्या भोकातून डॅशबोर्डकडे येते. त्या भोकाला रबरी बुश नसेल, तर गाडीच्या थरथरीने पत्र्याची कड तारेचे वेष्टण हळूहळू कापते. तांबे बॉडीला टेकले, की शेकडो ॲम्पिअर प्रवाह क्षणात धावू शकतो आणि तार लालबुंद होते. त्यासाठी फ्यूज बॅटरीपासून फूट-दीड फुटाच्या आत हवा. तो स्टिरिओजवळ लावला, तर बॅटरीपासून तिथपर्यंतची सगळी तार उघडी पडते.

फ्यूज पुन्हा पुन्हा उडत असेल, तर तो तक्रार सांगतो आहे. १० ॲम्पिअरच्या जागी ३० चा घालणे किंवा सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळणे म्हणजे तापाचे कारण न शोधता थर्मामीटर फोडण्यासारखे आहे.

फ्यूज न उडता लागणारी आग

फ्यूज जास्तीचा प्रवाह ओळखतो, सैल जोड त्याला कळत नाही. समजा, पिळून टेप लावलेल्या जोडात एक दशांश ओहमचा अडथळा आहे आणि त्यातून १५ ॲम्पिअर जात आहेत. त्या बोटभर जागेत साडेबावीस वॅट उष्णता तयार होते. बाजारातले लहान सोल्डरिंग आयर्न २५ वॅटचे असते. म्हणजे डॅशबोर्डच्या मागे, प्लास्टिकला आणि गालिचाला टेकून, जवळजवळ एक आयर्नच चालू ठेवल्यासारखे होते. प्रवाह मात्र मर्यादेतच असल्याने फ्यूज शांत राहतो. टेपचा डिंक उष्णतेने पातळ होऊन सुटतो, जोड आणखी सैल होतो, आणखी तापतो.

म्हणून जोड पिळून चालत नाही. तो दाबयंत्राने पक्का करावा किंवा डाग द्यावा आणि वरून उष्णतेने आवळणारी नळी बसवावी. अर्थिंगची तार रंग खरवडलेल्या स्वच्छ पत्र्यावर बोल्टने घट्ट करावी. कोकणातल्या दमट हवेत असे जोड गंजतात. गाडी रेस केल्यावर गाण्याबरोबर शिट्टीसारखा आवाज चढत असेल, तर अर्थिंग पहिल्यांदा तपासावे.

पिवळी, लाल आणि काळी

बहुतेक नव्या स्टिरिओंत पिवळी तार बॅटरीच्या कायमच्या विजेसाठी, लाल किल्लीनंतर येणाऱ्या विजेसाठी आणि काळी अर्थिंगसाठी असते. पिवळी घड्याळ आणि स्टेशने लक्षात ठेवते, लाल स्टिरिओला जागे करते. दोन्ही उलट जोडल्या, तर गाडी बंद करताच सगळी स्टेशने पुसली जातात. किल्लीशिवाय गाणी वाजावीत म्हणून दोन्ही थेट बॅटरीला जोडल्या, तर स्टिरिओ पूर्ण झोपतच नाही. अशा जोडणीने अर्धा ॲम्पिअर जरी सतत वाहिला, तरी लहान गाडीची ३५ ॲम्पिअर-तासांची बॅटरी तीन दिवसांच्या आत रिकामी होते. गावी गाडी पाच दिवस अंगणात उभी राहिली आणि रात्री कुणाला दवाखान्यात न्यायची वेळ आली, तर ती चालू होत नाही.

हे रंग स्टिरिओचे आहेत, गाडीचे नव्हेत. जुन्या गाडीच्या तारांचे रंग वेगळे असतात, आणि आधीच्या मालकांनी केलेले जोडही त्यात मिसळलेले असतात. म्हणून प्रत्येक तार मीटरने तपासूनच जोडावी आणि काम सुरू करण्याआधी बॅटरीची निगेटिव्ह तार काढावी. काही जुन्या गाड्यांत स्पीकरचे एक टोक बॉडीला जोडलेले असे. नव्या स्टिरिओला ते चालत नाही. प्रत्येक स्पीकरला स्वतःच्या दोन तारा हव्यात, नाहीतर आतले आयसी जळते.

जळका वास आला तर

गाडी बाजूला घेऊन किल्ली बंद करावी आणि सर्वांना, आधी मुलांना, बाहेर काढून गाडीपासून दूर न्यावे. सामान काढत बसू नये. धूर बॉनेटमधून येत असेल तर बॉनेट पूर्ण उघडू नये, आत हवा शिरून भडका उडतो. मदतीसाठी ११२ आणि रुग्णवाहिकेसाठी १०८ हे क्रमांक आहेत.

ज्वाळेपेक्षा धूर लवकर घात करतो. तारांचे पीव्हीसी वेष्टण जळताना निघणारा हायड्रोजन क्लोराइड वायू घशातल्या ओलाव्यात मिसळून आम्ल बनतो. कार्बन मोनॉक्साइड रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून अधिक घट्ट चिकटतो. धुरात अडकलेला माणूस बाहेर आल्यावर ठीक वाटला, तरी त्याला रुग्णालयात दाखवावे, कारण श्वासमार्गाची सूज काही तासांनंतरही वाढू शकते. भाजलेल्या जागेवर २० मिनिटे साधे वाहते पाणी सोडावे. टूथपेस्ट, हळद, शाई किंवा बर्फ लावू नये.

आता कानाकडे

स्टिरिओच्या खोक्यावर '५० वॅट गुणिले ४' असे छापलेले असते. बॅटरीच्या व्होल्टवर आतले आयसी प्रत्येक स्पीकरला सलगपणे १५ ते २० वॅटच देऊ शकते. पण गाडीत तेवढेही खूप होतात. साधारण स्पीकर एका वॅटवर एक मीटर अंतरावर ९० डेसिबलच्या आसपास आवाज काढतो, आणि लहान गाडीत चार स्पीकर याच अंतरावर असतात.

जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शनानुसार मोठ्या माणसाने आठवड्यात ८० डेसिबलचा आवाज ४० तासांपर्यंत ऐकायला हरकत नाही. पुढे दर ३ डेसिबलला ही मुदत निम्मी होते. ८३ ला २० तास, ८६ ला १० तास, ८९ ला ५ तास आणि ९२ ला अडीच तास. कोकणच्या एका प्रवासात ८९ डेसिबलवर गाणी ऐकली, तर आठवड्याचा वाटा पेण-माणगावच्या कोंडीतच संपलेला असतो. लहान मुलांसाठी ही मर्यादा ७५ डेसिबलपासून मोजतात. मागच्या काचेखालच्या फळीवर बसवलेले स्पीकर नेमके मुलांच्या डोक्यामागे येतात, याचा विचार क्वचितच होतो.

जुन्या गाडीत आवाज वाढवला जातो तो नाइलाजानेही. काचा उघड्या असतात, दारांची रबरे झिजलेली असतात, इंजिनाचा आणि टायरचा आवाज आत येतो. त्यावर मात करायला बटण फिरवत नेले जाते. पाच हजारांच्या ॲम्प्लिफायरपेक्षा दारांची नवी रबरे कानासाठी आणि गाण्यासाठीही जास्त उपयोगी पडतात.

कानातही एक फ्यूजसारखी सोय आहे. मोठा आवाज आला की मध्यकर्णातला एक अगदी छोटा स्नायू आखडतो आणि आत जाणारा आवाज काहीसा कमी करतो. पण तो थोडा उशिरा जागा होतो, फार वेळ आखडून राहिला की थकतो आणि मुख्यतः खर्जाचे सूरच अडवतो. आतल्या शंखाकृती भागात प्रत्येक कानात जेमतेम १५ हजार केसपेशी असतात. त्या एकदा मेल्या की माणसात पुन्हा उगवत नाहीत. कान दुखू लागतो तो १२० डेसिबलच्या पुढे. ८५ पासून ११५ पर्यंतच्या पट्ट्यात नुकसान चालू असते आणि वेदना मात्र नसते. सैल जोड फ्यूज न उडवता तापतो, तसेच हे आहे.

पहिल्यांदा जातात ते उंच पट्टीचे स्वर. 'स', 'श', 'फ', 'थ' ही व्यंजने धूसर होतात. माणूस म्हणतो, 'ऐकू येते, पण बोललेले कळत नाही.' घरचे लोक टीव्हीच्या आवाजावरून भांडतात. प्रवासानंतर कान दडे बसल्यासारखे वाटणे किंवा आत कुईं आवाज येणे हा पेशींचा थकवा आहे. तो रात्रीत उतरला म्हणून निश्चिंत होऊ नये. असे वारंवार होत असेल तर ऑडिओमेट्री ही साधी, न दुखणारी तपासणी करून घ्यावी. ती जिल्हा रुग्णालयांत आणि वैद्यकीय महाविद्यालयांत होते.

घरच्या घरी करता येणारी एक चाचणी पुरेशी आहे. गाणे चालू असताना शेजारच्या सीटवरच्या माणसाशी आवाज न चढवता बोलता आले पाहिजे आणि मागून येणाऱ्या रुग्णवाहिकेचा सायरन ऐकू आला पाहिजे. हे जमेल तिथे बटण ठेवावे. मोबाइलवरचे डेसिबल मोजणारे ॲप अचूक नसले, तरी अंदाज देते. दर दोन तासांनी गाडी थांबवताना गाणीही पंधरा मिनिटे बंद ठेवावीत.

बसवणाऱ्या कारागिराला पैसे देण्याआधी तीन प्रश्न विचारावेत: बॅटरीजवळ फ्यूज कुठे आहे, पत्र्यातल्या भोकाला रबर आहे का आणि जोड कसे केले आहेत? नंतर अर्धा तास गाणी वाजवून, स्टिरिओ बंद करून, डॅशबोर्डमागच्या तारांना हात लावून पाहावा. तार कोमट असेल तर ठीक, चटका बसत असेल तर काम पुन्हा करून घ्यावे. ॲम्प्लिफायरसारख्या बाहेरून बसवलेल्या वस्तूंची विमा पॉलिसीत वेगळी नोंद करून घ्यावी. तारेची काळजी कारागीर घेऊ शकतो. कानाची काळजी घेणारा फ्यूज मात्र आवाजाच्या बटणावरच्या बोटातच आहे.