विमानातील उतारूंची सुटी नाणी

नागपूरकरांना विमान नवे नाही. १९४९ साली रात्रीचे हवाई टपाल सुरू झाले, तेव्हा मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास अशा चार बाजूंनी येणारी विमाने मध्यरात्री सोनेगावला उतरत. टपालाच्या थैल्यांची अन् उतारूंची अदलाबदल होई आणि विमाने आल्या वाटेने परत जात. खेड्यातला माणूस मात्र विमान पाहतो ते आभाळातच. तेव्हा आपण म्हणाल, “प्राध्यापकसाहेब, विमानातल्या उतारूंकडून धर्मादाय पैसा कसा जमवावा, याच्याशी आमचा काय संबंध?” संबंध आहे, आणि तो आमच्या घरी बिस्किटांच्या एका डब्यात आहे.

माझा भाचा आखातात नोकरीला असतो. सुटीवर आला की खिशातली तिकडची नाणी त्या डब्यात टाकतो. मुले त्यांनी दुकान-दुकान खेळतात. एकदा मी ती नोटांबरोबर बदलायला नेली. नोटा घेतल्या, नाणी परत केली. त्यात बदलून देणाऱ्याचा दोष नाही. नाणे जड असते. मूठभर नाणी त्यांच्या देशी परत धाडायची तर खर्चच जास्त येतो. म्हणून सरहद्द ओलांडली की खणखणीत नाणे नुसते खेळणे होऊन बसते.

एकेकाजवळ अशी नाणी ती किती? फार तर चहापुरती. पण एका मोठ्या विमानात तीनशे उतारू असतात. हा हिशेब अमेरिकेतील प्राध्यापक हॉवर्ड सायमन्स यांनी मांडला आणि १९८७ साली युनिसेफ या संयुक्त राष्ट्रांच्या बालकांसाठीच्या संस्थेने तो उचलला. विमान उतरण्याआधी कर्मचारी पाकिटे वाटतात. उतारूने उरलीसुरली नाणी, नोटा त्यात घालून द्यायच्या. क्वांटस आणि कॅथे पॅसिफिक या विमान कंपन्या १९९१ मध्ये त्यात आल्या. सगळी नाणी एके ठिकाणी जमली आणि देशवार निवडली, की ती परत पाठवणे परवडते. त्यातून मुलांना लस, स्वच्छ पाणी, शाळा.

यातली खरी खुबी वेळेची आहे. आपल्याकडे मागणारा खळ्यावर येतो. पेरणीच्या दिवशी बांधावर उभा राहत नाही. उतारूचे खळे म्हणजे ती शेवटची पंधरा-वीस मिनिटे.

फ्रान्सने दुसरीच वाट धरली. तिथे मागायचेच नाही. जुलै २००६ पासून तिथून निघणाऱ्या विमानाच्या तिकिटातच थोडी रक्कम घातली: युरोपातल्या साध्या वर्गाला एक युरो, तर दूरच्या प्रवासाच्या वरच्या वर्गाला चाळीस. त्याच वर्षी ब्राझील, चिली, नॉर्वे व ब्रिटन यांच्यासह युनिटएड ही संस्था उभी राहिली. एड्स, क्षय आणि हिवताप यांवरची औषधे गरीब देशांना स्वस्तात मिळावीत, हे तिचे काम. पैसा नेमाने येतो. पण दिल्याचे देणाऱ्याला कळतही नाही. मला हे थोडे खटकते. हा कर झाला, दान नव्हे. अर्थात क्षयाच्या रोग्याला त्याचे काय?

दिल्याचे कळावे आणि जडही जाऊ नये, ही युक्ती आपल्या लोकांना जुनीच ठाऊक आहे. अंताजी दामोदर काळे यांनी माणशी एक पैसा मागत पैसा फंड जमवला. टिळकांनी पाठबळ दिले आणि १९०८ साली त्यातून तळेगावला काचेचा कारखाना निघाला. पैसा फंड चालला तो लोकांना पैसा कुठे जातो हे दिसत होते म्हणून. उलट एका मोठ्या विमानतळावर मी नोटांनी भरलेली काचेची पेटी पाहिली. पैसे कोणाला जातात, असे जवळच्या माणसाला विचारले. त्याला माहीत नव्हते. माझा हात खिशातच राहिला.

आता नागपूर विमानतळाचे म्हणाल, तर इथले बहुतेक उतारू देशातलेच. त्यांची नाणी इथे-तिथे सारखीच चालतात. खळ्याची वेळ इथे साधत नाही. पण सुरक्षा-तपासणीला सगळ्यांनाच खिसे रिकामे करावे लागतात. अमेरिकेत २०१८ साली त्या तबकांत विसरलेली नाणी साडेनऊ लाख डॉलरांहून अधिक भरली! पेटी ठेवायची तर तिथे, तबकांच्या पुढेच. विदर्भात सिकलसेलची कितीतरी मुले आहेत. उपचारासाठी नागपूरला यायचे तर एस.टी.चे भाडे आणि आईबापाची बुडालेली मजुरी. एवढ्या एकाच कामाची पेटी असावी आणि मागच्या महिन्याचा हिशेब तिच्यावरच चिकटवलेला असावा. एक अडचण आहे. परदेशी नागरिकाने दिलेली देणगी घ्यायला २०१० च्या कायद्याप्रमाणे संस्थेची नोंदणी किंवा सरकारची पूर्वपरवानगी लागते, आणि २०२० च्या दुरुस्तीनंतर तो पैसा आधी स्टेट बँकेच्या नवी दिल्लीतल्या मुख्य शाखेतच घ्यावा लागतो. पेटी ठेवणाऱ्याने हे आधी पाहावे.

आणि गुरुजी, आपल्या गावात विमानतळ नसेल, पण आखातातून येणारे कोणी असेलच. त्यांच्या घरचे डबे एकत्र करून पुढे जो जाईल त्याच्याबरोबर नाणी परत धाडली, तर तिथे ती बाजारात चालतात. येताना त्याने तेवढी नोट आणावी, ती इथे बदलून मिळते. माझ्या भाच्याने या खेपेला डबा नेला. मुलांनी त्यातली दोन मोठी नाणी आधीच काढून ठेवली होती.