प्रेक्षक पेटले की एकांकिका रंगते?

गैरसमज : प्रेक्षक जोरात असले की काम आपोआप चांगलं होतं.

वस्तुस्थिती : पुण्यातल्या भरत नाट्य मंदिरात ‘अरे आव्वाज कुणाचा’ घुमू लागलं की एका संघाला चढतं, तर दुसऱ्याचं पाठांतर उडतं. १९६३पासून चालत आलेल्या पुरुषोत्तम करंडक या महाविद्यालयीन एकांकिका स्पर्धेतल्या मंडळींना हे नवं नाही. रॉबर्ट झायन्स या मानसशास्त्रज्ञाने १९६५मध्ये त्याचं कारण मांडलं. माणसं आसपास असली की उत्तेजना वाढते आणि अंगात जे सर्वांत मुरलेलं असतं, तेच आधी बाहेर पडतं. तालीम पक्की असेल तर अचूक संवाद, कच्ची असेल तर चूक.

गैरसमज : गर्दीपुढे गडबडणारा आत्मविश्वासात कमी पडतो.

वस्तुस्थिती : झायन्स आणि सहकाऱ्यांनी १९६९मध्ये झुरळं पळवली. बघायला इतर झुरळं असली की सरळ वाटेवर झुरळ जास्त वेगाने पळालं, वळणाच्या वाटेवर मात्र त्याला जास्त वेळ लागला. आता झुरळाला कुठला आला आत्मविश्वास!

गैरसमज : अभ्यासिकेत बसलं की अभ्यास होतोच.

वस्तुस्थिती : सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकेत शेजाऱ्याची मान खाली असते म्हणून आपणही बसून राहतो. उजळणी आणि सराव पेपर हे मुरलेलं काम, त्याला ही सोबत फायद्याची. एमपीएससीचं नवं, किचकट प्रकरण मात्र शक्य तर एकट्याने वाचावं. कॉट बेसिसवर, म्हणजे सामायिक खोलीत एका कॉटपुरतं भाडं देऊन राहणाऱ्याला असा एकांत मिळणं कठीण, हेही खरंच.

गैरसमज : माणसं दुप्पट, तर काम दुप्पट.

वस्तुस्थिती : फ्रान्सच्या रिंगेलमनने दोरी ओढायला लावली तेव्हा माणसं वाढली तसा प्रत्येकाचा जोर घटला. थोडा दोष ताळमेळाचा, थोडा ‘आपलं कोण मोजतंय’ या भावनेचा. ढोल पथकात शेवटच्या रांगेतलं टिपरू हलकं पडलं तर कोणाला कळणार? प्रत्येकाचं वादन वेगळं ऐकलं जाणार म्हटलं, की ही ढिलाई बरीच कमी होते.

गैरसमज : सगळा खेळ बघणाऱ्यांचा.

वस्तुस्थिती : १९८३मध्ये बाँड आणि टायटस यांनी २४१ अभ्यास एकत्र तपासले, त्यांत सुमारे २४ हजार माणसं होती. कामगिरीतल्या फरकापैकी इतरांच्या उपस्थितीचा वाटा निघाला जेमतेम ०.३ ते ३ टक्के. तेव्हा प्रेक्षकांच्या नावाने खडे फोडण्याआधी तालमी किती झाल्या ते मोजा.