कोनफळाची वेल वाळली, आता काय करायचं?

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, त्यांच्यासाठी या भागाचं हे शब्दांकन. डिसेंबर लागला की मला एकच प्रश्न वारंवार येतो : "पावसाळ्यात कोनफळाची वेल गच्चीभर पसरली होती, आता पानं पिवळी पडतायत. रोग आलाय का? खत देऊ का?"

थोडक्यात उत्तर : काहीही देऊ नका. वेल मरत नाहीये, ती झोपायला चाललीये. पण हे नीट कळायला हवं असेल तर सुरुवातीपासून बघू.

आधी नावांचा गोंधळ मिटवू. कोनफळ म्हणजे बाहेरून मातकट, आतून जांभळा किंवा पांढरा असलेला कंद. गुजरातीत यालाच रतालू म्हणतात आणि उंधियूमध्ये तो लागतोच. आपलं रताळं वेगळं, सुरणही वेगळा. दोघांचं कोनफळाशी नातं नाही. खरा भाऊबंद म्हणजे करांदा. त्याचे कंद वेलीवर, पानांच्या बेचक्यात लटकतात.

या दोघांच्या वेली ओळखायला सोप्या आहेत. कोनफळाचं खोड चौकोनी असतं आणि त्याच्या कडांना पातळ पंखासारखी झालर असते. पानं बहुतेक समोरासमोर, जोडीने येतात. करांद्याचं खोड गोल, पानं एकाआड एक. आणि गंमत म्हणजे दोन्ही वेली आधाराभोवती एकमेकींच्या उलट दिशेने वळतात. कुंडीजवळ उभं राहून बघा, लगेच लक्षात येईल.

आता लावणी. बटाट्याला डोळे असतात तसे कोनफळाला नसतात. कोंब सालीखालून फुटतो, म्हणून प्रत्येक फोडीला साल हवीच. वेलीला जोडलेलं टोक, म्हणजे मुंडी, सगळ्यात आधी फुटते. मधल्या आणि खालच्या फोडी मागून येतात. मी साधारण २०० ते २५० ग्रॅमच्या फोडी करतो, कापलेल्या बाजूला चुलीची राख लावतो आणि एक-दोन दिवस सावलीत सुकवतो. त्रिवेंद्रमच्या केंद्रीय कंद पिके संशोधन संस्थेने तर फक्त ३० ग्रॅमच्या फोडींपासून रोपं करायची पद्धत दिली आहे. पण घरच्या घरी मोठी फोड बरी, कारण पहिले काही आठवडे कोंब त्या फोडीतल्या साठ्यावरच जगतो.

लावायचं मे अखेरीला किंवा पहिल्या पावसाबरोबर. कुंडीपेक्षा मोठी ग्रो बॅग किंवा जुनं पोतं चांगलं, कारण कंदाला खाली उतरायला जागा लागते. माती भुसभुशीत, शेणखत भरपूर आणि तळाला भोकं. पाणी साचलं की कंद सडला म्हणून समजा. कोंब वीतभर झाला की लगेच काठी किंवा दोरी द्या. वेल जमिनीवर लोळली तर पानं एकमेकांवर पडतात, ऊन कमी मिळतं आणि कंद लहान राहतो.

पावसाळाभर वेल फक्त पानं वाढवते. दिवस लहान व्हायला लागले की ती पानांत तयार झालेला माल खाली पाठवायला लागते. म्हणून ऑक्टोबरमध्ये पाऊस थांबल्यावर पाणी तोडू नका. कंद खरा भरतो तो याच काळात. माती दोन बोटं खोल कोरडी लागली की पाणी द्यायचं.

मग येतो तो डिसेंबर. पानं पिवळी पडली की पाणी हळूहळू कमी करा, वेल पूर्ण वाळली की बंद. या वेळी खत आणि पाणी देत राहिलात तर वेल परत हिरवी होणार नाही, उलट खालचा तयार कंद कुजेल. वेल वाळल्यावर आठ-पंधरा दिवसांनी बाजूची माती सैल करून कंद अलगद काढा. कुदळ लागून जखम झालेला कंद टिकत नाही, तो आधी खाऊन टाका. सोलताना हाताला तेल लावा, खाज सुटते. आणि कच्चा खाऊ नका.

आता मुख्य मुद्दा. कोनफळाला बी धरणं फार दुर्मीळ. म्हणजे आज आपल्याकडे जे कोनफळ आहे, ते कुणीतरी दरवर्षी एक तुकडा न खाता बाजूला ठेवला म्हणून आहे. आमच्या आजोळी रत्नागिरीकडे आजी मुंडी कापून आधी राखेत ठेवते, उरलेल्याची भाजी. माझ्या भाषेत सांगायचं तर हा बॅकअप आहे, आणि दुसरी कॉपी कुठेच नाही! एखाद्या घरात एक वर्ष सगळं कोनफळ खाल्लं गेलं, तर त्या घरचा वाण तिथेच संपतो. बाजारातून नवीन आणता येतं, पण ते तेच असेल असं नाही.

ठेवायचं कुठे? हवेशीर, कोरड्या, सावलीच्या जागी, वाळूवर किंवा पेंढ्यावर. फ्रिजमध्ये अजिबात नाही. थंडीने कंद आतून खराब होतो. दोन-तीन महिने तो ढिम्म हलणार नाही. चिंता करू नका, एप्रिल-मेच्या उकाड्यात कोंब आपोआप डोकावतो.

जाता जाता एक गंभीर गोष्ट. रानात अशाच दिसणाऱ्या वेली असतात. त्यातले काही कंद कडू, काही चक्क विषारी. ज्यांच्या घरात पिढ्यान् पिढ्या ते खाल्ले जातात, त्यांना ते कसे शिजवायचे हे माहीत असतं. आपण फोटो बघून ओळखायला जाऊ नये. लागवडीसाठी कंद ओळखीच्या घरातून, कृषी विद्यापीठातून किंवा बाजारातल्या खात्रीच्या विक्रेत्याकडूनच घ्या.

तर मंडळी, या डिसेंबरात वेल वाळली तर उपटून फेकू नका. खाली उकरा, भाजी करा, आणि मुंडी तेवढी ठेवा. भेटू पुढच्या भागात!